'झालं का?' विचारायच्या आधी 90 सेकंद: यूपीआय, ओटीपी आणि ॲपने थांबायचं कसं

12 एप्रिल 2025, शनिवार, हनुमान जयंतीचा दिवस. त्या दिवशी देशभर यूपीआय जवळपास पाच तास अडखळत होतं. जालन्याच्या मोंढ्यात असो की मुंबईत लोकल स्टेशनबाहेर, क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायचा आणि गोल चक्राकडे बघत उभं राहायचं, एवढंच ग्राहकाच्या हातात होतं. त्याआधी 26 मार्चला आणि 2 एप्रिललाही असाच गोंधळ झाला होता.

नंतर कारण बाहेर आलं ते वाचून ॲप बनवणाऱ्या माझ्यासारख्या लोकांना हसावं की रडावं कळेना. हॅकिंग नव्हतं, कुठली केबल तुटली नव्हती. 'मघाशी केलेल्या पेमेंटचं काय झालं?' असं विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता. काही बँकांच्या यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला, म्हणजे एनपीसीआयला, हा एकच प्रश्न परत परत विचारत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही. खरे पैसे पाठवणारे मागे राहिले आणि 'झालं का, झालं का' विचारणारे पुढे घुसले.

मग एनपीसीआयने नियम काढले. व्यवहार झाल्यावर त्याची स्थिती विचारायची असेल तर बँकेने आधी 90 सेकंद थांबायचं. पुढे यंत्रणेतल्या वेळा कमी झाल्या की हे थांबणं 45 ते 60 सेकंदांवर आणता येईल. आणि एका व्यवहाराबद्दल जास्तीत जास्त तीनदा विचारायचं. 1 ऑगस्ट 2025 पासून आपल्यासाठीही मर्यादा आल्या: एका ॲपमधून दिवसाला 50 वेळा बॅलन्स बघता येतो, आणि ऑटोपेचे हप्ते सकाळी 10 ते दुपारी 1 आणि संध्याकाळी 5 ते रात्री 9.30 या गर्दीच्या वेळा सोडून कापले जातात.

बातम्यांमध्ये गाजलं ते '50 वेळा बॅलन्स'. माझ्या मते खरी बातमी ते 90 सेकंद आहेत. कारण 'थोडं थांब आणि मग पुढचं काम कर' हे कॉम्प्युटरला सांगणं दिसतं तितकं सोपं नाही. ते चुकलं तर एका टोकाला तुमचा फोन हँग होतो आणि दुसऱ्या टोकाला देशाचं पेमेंट बंद पडतं.

दळण टाकून तिथंच उभं राहणारा माणूस

गिरणीचं उदाहरण घेऊ. तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेलात. पुढे सात-आठ डबे आहेत. पहिला मार्ग म्हणजे डबा ठेवायचा आणि दळण होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. त्या वेळात घरून फोन आला तरी उचलायचा नाही, कुणी हाक मारली तरी वळून बघायचं नाही. दुसरा मार्ग आपण सगळे वापरतो तो: 'काका, तासाभरानं येतो' म्हणायचं, दूध आणायचं, मोबाईल रिचार्ज करायचा आणि तासानं परत यायचं. दोन्हीत दळणाला वेळ तेवढाच लागतो. फरक एवढाच की पहिल्या मार्गात तुम्ही तासभर कुणाच्याच कामाचे नसता.

प्रोग्रॅमिंग नुकतंच शिकलेला मुलगा पहिला मार्ग निवडतो. त्याला 'दोन सेकंद थांब' असं लिहायचं असतं, शोधल्यावर त्याला 'स्लीप' नावाची आज्ञा सापडते, तो ती टाकतो. थांबायचं काम होतं खरं, पण स्क्रीन गोठते.

का गोठते? अँड्रॉईड ॲपमध्ये एक मुख्य धागा असतो, त्याला मेन थ्रेड म्हणतात. स्क्रीनवर चित्र काढणं, तुमचं बोट कुठं लागलं ते ओळखणं, बटण दाबल्यावर ते दबल्यासारखं दाखवणं, ही सगळी कामं हा एकटा गडी करतो. साधी स्क्रीन सेकंदाला 60 वेळा नवीन चित्र दाखवते, म्हणजे एका चित्रासाठी त्याच्याकडे साधारण 16 मिलिसेकंद असतात. 120 हर्ट्झवाला फोन असेल तर 8. अशा माणसाला तुम्ही 'दोन सेकंद झोप' सांगितलं की 60 हर्ट्झच्या फोनवर 120 चित्रं गेली. चक्र फिरायचं थांबतं, बटण दबत नाही. त्या वेळात तुम्ही स्क्रीनला हात लावला आणि पाच सेकंद उत्तर आलं नाही, तर अँड्रॉईड स्वतःच 'हे ॲप प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं?' असं विचारतो. ती खिडकी आपण सगळ्यांनी पाहिलीय. खूपदा तिच्यामागे असंच एखादं झोपलेलं किंवा कुठंतरी अडकलेलं काम असतं.

गूगलला हा त्रास माहीत होता. म्हणूनच 2011 मध्ये आलेल्या अँड्रॉईड 3.0 पासून कुणी मुख्य धाग्यावर इंटरनेटची कामं करायला गेलं तर सिस्टीम सरळ चूक दाखवते आणि ॲप तिथंच पाडते. स्लीपला मात्र अशी बंदी नाही. तिथं शिकाऊ माणूस फसतोच.

बरोबर मार्ग म्हणजे टायमर. 'दोन सेकंदांनी हे काम कर' अशी चिठ्ठी फोनच्या कामांच्या रांगेत टाकायची आणि मुख्य धाग्याला मोकळं सोडायचं. अँड्रॉईडमध्ये यासाठी 'पोस्ट डिलेड' आहे, कॉटलिनमध्ये कोरूटीन आणि त्यांचं 'डिले' आहे. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये तर साधं स्लीप दिलेलंच नाही, 'सेट टाईमआउट'ने चिठ्ठीच टाकावी लागते. मला हा त्या भाषेचा शहाणपणा वाटतो, जरी कॉलेजात तिला नावं ठेवायची पद्धत असली. कोरूटीनमधला 'डिले' दिसायला स्लीपसारखाच दिसतो, म्हणून गोंधळ होतो. पण तो धाग्याला झोपवत नाही. आपलं काम बाजूला ठेवतो आणि धागा दुसऱ्याला देतो. डबा ठेवून निघून जाण्यासारखं.

टायमर लावला तरी संपत नाही

इथपर्यंत पुस्तकात मिळतं. पुढची गंमत खऱ्या फोनवर कळते, आणि ती समजायला 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीइतकं चांगलं उदाहरण नाही.

18 सप्टेंबर 2025 ला राज्य सरकारने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी करायला सांगितलं. महिन्याला 1500 रुपये, राज्यभरात दोन कोटींहून जास्त महिला, आणि सुरुवातीला मुदत दोन महिने. वेबसाईटवर आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी मागवायचा, तो भरायचा, मग पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि पुन्हा ओटीपी. पहिल्या काही आठवड्यांत ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मंत्री आदिती तटकरे यांनी तांत्रिक अडचण असल्याचं मान्य केलं आणि ती सोडवायचं काम सुरू असल्याचं सांगितलं. मुदत पुढे 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली.

आता हे जालना जिल्ह्यात कसं घडतं ते बघा. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकं गेलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे उरलेल्या कापसाच्या वेचणीचे दिवस. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या गावातून बाई सेतू केंद्रावर येते तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडवून येते. तिचा ओटीपी तिच्या फोनवर येणार, दुसरा नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा कदाचित चाकणला कंपनीत. त्याला फोन लावायचा, त्याने मेसेज वाचून आकडे सांगायचे. या सगळ्यात ओटीपीचा टायमर चालू असतो. इथं टायमरची एक चूक म्हणजे केंद्रावर दुसरी फेरी.

आणि ओटीपीचा टायमर चुकीचा लिहिलेला मी कितीतरी ॲपमध्ये पाहिलाय. पद्धत अशी असते: 30 लिहा, दर सेकंदाला एक वजा करा, शून्य झालं की 'पुन्हा पाठवा' बटण उघडा. दिसायला बरोबर. पण मेसेज बघायला तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की काय होतं? ब्राउझर मागे गेलेल्या टॅबचे टायमर मुद्दाम हळू करतो, बॅटरी वाचावी म्हणून. क्रोममध्ये मागच्या टॅबचे टायमर सहसा सेकंदाला एकदाच चालतात, आणि टॅब पाच मिनिटांहून जास्त मागे राहिला तर मिनिटाला एकदा. फोनची स्क्रीन बंद होऊन तो गाढ झोपला, तर अँड्रॉईडच्या 'पोस्ट डिलेड'चं घड्याळही तेवढा वेळ थांबून राहतं. म्हणजे तुम्ही दोन मिनिटांनी परत आलात तरी स्क्रीन म्हणते, 'अजून 21 सेकंद थांबा'. सर्व्हरवर मात्र वेळ सरळ पुढे गेलेली असते. ओटीपी तिकडे शिळा होत आलेला, आणि इकडे स्क्रीन निवांत.

उपाय अगदी छोटा आहे. किती सेकंद उरले ते मोजत बसायचं नाही, कधी संपणार ती वेळ लिहून ठेवायची. '11 वाजून 42 मिनिटं 30 सेकंदांना संपेल' असं एकदा ठरवलं की स्क्रीन परत उघडल्यावर आत्ताची वेळ बघायची आणि वजाबाकी करायची. मधल्या वेळात ॲप झोपलं काय, मेलं काय, हिशेब चुकत नाही. त्यातही फोनवर दिसणारं घड्याळ वापरू नये, कारण ते कुणीही सेटिंगमध्ये जाऊन मागेपुढे करतं. फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला हे मोजणारं, झोपेतही चालणारं वेगळं घड्याळ अँड्रॉईडमध्ये असतं, ते वापरावं. शासकीय तंत्रनिकेतनात किंवा इंजिनिअरिंगला असाल आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट ॲप बनवत असाल, तर परीक्षकाने विचारायच्या आधी हे तपासून घ्या: टायमर चालू करा, दुसरं ॲप उघडा, स्क्रीन बंद करा, मिनिटभराने परत या.

आणखी एक. चिठ्ठी टाकली आणि ती उघडायच्या आधी माणसाने ते पान बंद केलं, तर चिठ्ठी फाडायला हवी. नाहीतर तीन सेकंदांनी प्रोग्रॅम अशा पानावर काहीतरी लिहायला जातो जे आता उरलेलंच नाही, आणि ॲप बंद पडतं. 'मागे गेलो आणि ॲप उडालं' याचं हे नेहमीचं कारण.

लाईट आल्यावर सगळे एकदम

फोन झाला, आता सर्व्हरकडे येऊ. परत गिरणीत चला. समजा तुम्ही डबा ठेवून गेलात, पण दर दोन मिनिटांनी येऊन 'काका, झालं का?' विचारताय. काका दर वेळी जात्यावरचं लक्ष काढून तुमच्याकडे बघणार, डबा शोधणार, 'नाही अजून' म्हणणार. असे पन्नास लोक आले तर दळण होणारच नाही, उत्तरं देण्यातच दिवस जाईल. 12 एप्रिलला यूपीआयमध्ये झालं ते साधारण हेच. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवर महिन्याभरात 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे साडेसात हजार. एवढ्या व्यवहारांमागे प्रत्येकी चार-पाच वेळा 'झालं का?' आलं तर किती होतात, हिशेब तुम्हीच करा.

आता लाईट गेली असं समजा. सगळे घरी गेले. संध्याकाळी लाईट आली आणि अख्खा गाव एकाच मिनिटाला गिरणीत. सर्व्हरचंही तसंच होतं. हजार फोनांनी एकाच वेळी विनंती पाठवली, सगळ्यांना उत्तर मिळालं नाही, आणि सगळ्यांच्या ॲपमध्ये '30 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न कर' असं लिहिलंय. 30 सेकंदांनी तेच हजार फोन एकाच क्षणी परत दारात. सर्व्हर सावरत असतो, तेवढ्यात पुन्हा लाथ. म्हणजे नुसतं थांबणं पुरत नाही. प्रत्येकाने वेगवेगळं थांबायला हवं.

यावरचा उपाय आपल्या वडिलांच्या पिढीइतका जुना आहे. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. बेटांवरच्या कॉम्प्युटरना रेडिओने जोडणारं जाळं होतं ते. दोघं एकाच वेळी बोलले की संदेश एकमेकांवर आदळून खराब व्हायचे. तोडगा असा काढला की आदळले तर प्रत्येकाने मनाला येईल तेवढा, नशिबावर सोडलेला वेळ थांबायचं आणि मग परत पाठवायचं. दोघांचे आकडे वेगळे निघाले की टक्कर टळते. पुढे इथरनेटने हेच घेऊन त्यात भर घातली: पहिल्यांदा चुकलं तर थोडं थांब, पुन्हा चुकलं तर आणखी जास्त वेळातून आकडा निवड, पुन्हा चुकलं तर त्याहून जास्त. आजच्या ॲपमध्ये हे 1, 2, 4, 8 सेकंद असं वाढत जातं आणि प्रत्येक थांब्यात थोडा फरक मुद्दाम मिसळलेला असतो. ठरावीक वेळा करून झालं की गप्प बसायचं आणि माणसाला खरं ते सांगायचं.

एनपीसीआयच्या नियमात '90 सेकंद' आणि 'जास्तीत जास्त तीनदा' ही दोन टोकं आली, हे चांगलं झालं. 16 जून 2025 पासून यंत्रणेत उत्तराची वाट बघायच्या वेळाही कमी केल्या गेल्या: पैसे पाठवण्याच्या विनंतीसाठी 30 ऐवजी 15 सेकंद, स्थिती विचारण्यासाठी 30 ऐवजी 10. हे उलटं वाटेल. एकीकडे जास्त थांबा म्हणतात, दुसरीकडे कमी. पण दोन वेगळी थांबणी आहेत. उत्तर येतंय का म्हणून दारात किती वेळ उभं राहायचं ते कमी केलं, म्हणजे दार लवकर मोकळं होतं. परत येऊन विचारण्याआधी किती वेळ जाऊ द्यायचा, ते ठरवून दिलं.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं बँक आणि एनपीसीआयमध्ये घडतं, पण स्क्रीनसमोरच्या माणसाला अजूनही फक्त फिरणारं चक्र दिसतं. त्याला कुणीच सांगत नाही की 'आम्ही दीड मिनिटाने विचारणार आहोत, तुम्ही फोन खिशात ठेवा, नोटिफिकेशन येईल'. त्याऐवजी 'रिफ्रेश' बटण समोर ठेवतात. समोर बटण असलं की माणूस दाबणारच, आणि दुकानदार 'आलं नाही' म्हणत असेल तर जास्तच दाबणार.

सरकारी पोर्टलवर तर 'ओटीपी पाठवता आला नाही, नंतर प्रयत्न करा' एवढंच येतं. नंतर म्हणजे कधी? पाच मिनिटांनी, की रात्री अकराला? ते न कळल्याने केंद्रचालक तेच पान चार टॅबमध्ये उघडून बसतो, आणि गर्दी आणखी चौपट होते. त्याला दोष देता येत नाही, त्याच्यासमोर रांग उभी आहे. खरं तर वेबच्या नियमांमध्ये याची सोय केव्हाचीच आहे. सर्व्हरवर ताण आला तर तो 429 किंवा 503 हा क्रमांक पाठवू शकतो आणि सोबत 'रिट्राय-आफ्टर' नावाच्या ओळीत सांगू शकतो की 120 सेकंदांनी या. वेबसाईटने तो आकडा वाचायचा, बटण तेवढा वेळ बंद ठेवायचं, उलटी मोजणी दाखवायची आणि वेळ झाली की स्वतःच विनंती पाठवायची. यात नवीन सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही. दोन दिवसांचं काम आहे, टेस्टिंग धरून. ज्या पोर्टलवर दोन कोटी बायकांना ठरलेल्या मुदतीत पाठवायचं आहे, तिथं ही गोष्ट टेंडरमध्येच लिहिलेली असायला हवी, आणि मुदतही जिल्ह्यानुसार वाटून देता येते.

तुमच्या हातात काय आहे

पेमेंट अडकलं तर तोच क्यूआर लगेच परत स्कॅन करू नका. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला वेगळा क्रमांक मिळतो, म्हणून एकच विनंती दोनदा पोहोचली तर यंत्रणा ओळखते. पण तुम्ही पुन्हा स्कॅन करून पिन टाकला की तिच्यासाठी तो नवाच व्यवहार असतो, आणि दोन्ही पूर्ण झाले तर दुकानदाराकडून परत मागायची पाळी येते. दीड-दोन मिनिटं थांबून इतिहासाच्या पानावर बघा, बँकेचा मेसेज बघा. ओटीपीचे तीन मेसेज आले असतील तर सगळ्यात शेवटी आलेला वापरा. पोर्टल एकाच टॅबमध्ये उघडा, आणि जमत असेल तर सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसा.

पैसे खात्यातून गेले आणि समोर पोहोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा 20 सप्टेंबर 2019 चा नियम तुमच्या बाजूने आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्याहून उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते, आणि ती तुम्ही न मागताच मिळायला हवी. नाही मिळाली तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप करून तक्रार नोंदवा आणि 12 अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, बँकेत गेल्यावर तोच विचारतात.